आधी तळवा, मग टायर

आमच्या घरमालकांचे पाय मी त्यांच्या चेहऱ्याच्या आधी पाहिले.

धर्मादाय दवाखान्यातली माझी पहिलीच नोकरी. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन मी वसईच्या बागायती पट्ट्यातल्या त्या कौलारू घरासमोर उभी होते. सत्तरीचं दशक सरत आलं होतं. अंगणात रंग उडालेली, टप नसलेली एक जुनी जीप होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते, तळवे माझ्याकडे करून. बोटं फाकलेली, टाचांना भेगा, अंगठ्यांखाली घट्ट्यांची जाड गादी. मी देशावरची, अनवाणी पाय मला काही नवे नव्हते. पण एवढे वापरलेले पाय मी तोवर पाहिले नव्हते.

"मालक आहेत का?" मी विचारलं.

"मालक आत आहे, चुलीपाशी," जीपखालून उत्तर आलं. "मी नुसता नवरा."

त्या दिवसापासून मी त्यांना हटकून मालक म्हणू लागले, आणि त्यांच्या बायकोला वहिनी.

दुसरी ओळख नाकाने झाली. पहिल्या रात्री मला वाटलं, माळ्यावर काहीतरी मेलंय. सकाळी उलगडा झाला. जीपच्या पोटाला, सांगाड्याला, कोनाकोपऱ्यांना मालक माशाचं तेल फासत. खारं पाणी लोखंड खातं. त्यावर कोळी आपल्या होड्यांना जे लावतात तेच जीपला लावायचं, असा त्यांचा सरळ हिशेब. आधी करंजाचं तेल लावून पाहिलं, ते टिकेना. मग पाचूबंदरला जाऊन एका म्हाताऱ्या कोळ्याशी मैत्री केली आणि डबाभर तेल घेऊन आले. आता हे घर कसलं, तर चातुर्मासात कांदा-लसूणही उंबऱ्याबाहेर ठेवणारं. वहिनींनी तुळशीवृंदावनापासून वीस पावलांवर बांबू रोवला आणि सांगितलं, गाडी याच्या अलीकडे आली तर मी माहेरी जाईन. गाडी कधी आली नाही. वहिनीही त्या जीपमध्ये कधी बसल्या नाहीत. एकाच लग्नाला जायचं असलं तरी हे जीपने जात आणि त्या एस.टी.ने.

जीप लष्कराच्या लिलावातली, महायुद्धाच्या वेळची. स्टिअरिंग डाव्या हाताला. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे. एक ओढला की पुढची चाकंही जोर लावू लागत, दुसरा ओढला की गाडी बैलाच्या चालीवर येई. धुराची नळी मालकांनी जुन्या पंपाचा पाइप जोडून डोक्याच्या वर नेली होती. इंजिनाच्या वायरी जिथे जिथे जोडल्या होत्या तिथे पाणी शिरू नये म्हणून मेण ओतलेलं असे, आणि ते मेण शेजारच्या गावातल्या चर्चमधल्या मेणबत्त्यांच्या थोटकांचं. "देवापुढे जळलेलं आहे, पाण्याला भीत नाही," असं ते गंभीरपणे सांगत. सगळ्यात नवलाचं यंत्र पुढच्या बंपरवर होतं. विहिरींवर पंप आले तेव्हा लोकांनी रहाट भंगारात काढले. मालकांनी आपल्या रहाटाची दातेरी चक्रं ठेवून घेतली, त्यांचा दोर गुंडाळायचा रहाट केला आणि जीपच्या नाकावर बसवला. दोर समोरच्या झाडाला बांधायचा, दोघांनी दांडे फिरवायचे, की रुतलेली गाडी स्वतःलाच ओढून बाहेर काढी. विहिरीतून पाणी काढणारं चाक चिखलातून गाडी काढतं, याचं त्यांना काही विशेष वाटत नसे. मला वाटे. मी कित्येकदा उगीच तो दांडा फिरवून पाही.

गाडी खोलताना प्रत्येक नट वेगळ्या करवंटीत जाई. ओट्यावर पंचवीस-तीस करवंट्या ओळीने मांडलेल्या असत आणि त्या ओळीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. एकदा मांजराने दोन करवंट्या उलथल्या. मालकांनी मांजराला काही केलं नाही. पहिल्या करवंटीपासून पुन्हा सगळं जोडलं आणि पुन्हा सगळं खोललं.

एवढं करून ही गाडी जायची कुठे? तर जिथे रस्ता नाही तिथे. पावसाळ्यात कामणच्या बाजूने डोंगरातल्या ओढ्यांत, उन्हाळ्यात मिठागरांच्या बांधांवर, आणि वर्षभर खाडीच्या चिखलात. कशासाठी, असं मी पहिल्या महिन्यात विचारलं होतं.

"रस्त्याने जायचं तर सरकारने जिथवर नेलंय तिथवरच जाता येतं," ते म्हणाले. "त्याच्यापुढे मी जातो."

अशा गप्पा मारणारी माणसं मी खूप पाहिली होती, म्हणून मी तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही. मनावर घेतलं ते खाडी ओलांडली त्या दिवशी.

खाडीपलीकडे मिठागरातल्या मजुरांची वस्ती होती. तिथल्या मुलांना लस टोचायची होती. उधाणाच्या दिवसांत वस्तीपर्यंत होडी जाई. अष्टमीच्या सुमाराला, म्हणजे भांगाच्या भरतीत, पाणी एवढ्या आत चढतच नाही. होडी बंद, पण चिखल चार दिवस उघडा पडून जरा आळलेला. "तेव्हा जीपने जाऊ," मालक म्हणाले. मी लशीची पेटी मांडीवर घेऊन बसले. काठाशी आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, धोतर खोचलं आणि अनवाणी चिखलात उतरले.

"कुठे निघालात?"

"बघून येतो. आधी तळवा, मग टायर."

पाऊण तास मी उन्हात बसून त्यांना बघत होते. एक पाऊल टाकत, थांबत, टाच फिरवत, बोटं आत रोवत, आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत. मध्येच मागे येत, चार हात डावीकडून पुन्हा जात. लशीवरचा बर्फ वितळत होता आणि माझं डोकं तापत होतं. परत आले तेव्हा मांडीपर्यंत चिखलाने माखले होते.

"दही, लोणी, शिरा, भाकरी," त्यांनी मला समजावलं. "दह्यात शिरायचंच नाही. शिऱ्यात शिरलो तर थांबायचं नाही. वर लोणी नि खाली भाकरी असेल तर घसरेल, पण बुडणार नाही. भाकरीवर काय, तुम्हीसुद्धा चालवाल."

मग त्यांनी चारही टायरांतली हवा निम्मी सोडली, दोन्ही आखूड दांडे ओढले, हाताने ओढायचा थ्रॉटल लावला आणि पेडलवरून पाय काढून चक्क मांडी घालून बसले. जीप निघाली. डावीकडे वळली, सरळ गेली, अर्धगोल फिरली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, माणूस प्यायलाय. ज्या चिखलात मी एक दगड टाकला तर तो 'गडप' म्हणून नाहीसा झाला होता, त्याच्या दोन हात शेजारून दोन माणसं, एक पेटी आणि एवढं लोखंड चाललं होतं. चाकं कुठे म्हणून अडली नाहीत. मी शरीरशास्त्र शिकले होते. पावलात किती हाडं, किती शिरा, सगळं पाठ होतं. पण पायाच्या तळव्याने एवढं वाचता येतं हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पलीकडच्या काठावर आम्ही उतरलो. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

परतल्यावर मात्र एक रिवाज असे. जीपमध्ये विहिरीच्या गोड्या पाण्याचा मोठा डबा ठेवलेला असायचा. खाडीतून बाहेर आल्याबरोबर ते पाणी जीपच्या पोटावर, चाकांवर, सांध्यांवर. मालक स्वतः तहानेने व्याकूळ असोत, मांडीभर चिखल वाळून कातडी ओढत असो, आधी जीप. मी एकदा त्या डब्यातलं भांडंभर पाणी प्यायला मागितलं, तर म्हणाले, "डॉक्टरीणबाई, घर दोन मैलांवर आहे."

त्यांच्या फजित्याही मला ठाऊक होत्या, कारण त्या वहिनी सांगत. पहिल्यांदा गाडी रुतली तेव्हा चाकांखाली घालायला त्यांनी बागेतून केळीचे खुंट आणले. आयुष्यभर केळी लावलेला माणूस, हाताशी काय येणार? जीप त्या खुंटांवर चढली आणि साबणावरून घसरावी तशी आडवी जाऊन मिठागराच्या पाण्यात बसली. "केळ्याच्या सालीवरून माणूस पडतो हे पोराटोरांना कळतं," वहिनी पदराआड हसत म्हणत. त्यानंतर चाकांखाली नारळाच्या झावळ्या आल्या.

आणि केळ्यांनीच त्यांचा घात केला. बागेतली राजेळी केळी उन्हात सुकवून त्यांची सुकेळी करून ठेवलेली असत, आणि गाडीखाली काम करताना मालक ती येताजाता तोंडात टाकत. दिवसाला किती, याला गणती नव्हती. पाणी फार पितात, रात्री चारदा उठतात, असं वहिनींकडून कळल्यावर मी त्यांच्या लघवीची तपासणी केली. तेव्हा निळ्या औषधात घालून उकळायची पद्धत होती. रंग हिरवा झाला तर थोडी साखर, विटकरी झाला तर फार. नळीत वीटच तयार झाली.

"रंग पक्का बसलाय," मालक नळी उजेडात धरून म्हणाले.

"सुकेळी बंद."

"आपल्याच बागेतलं केळं आपल्याला कसं बाधेल?"

यावर मी पुष्कळ बोलले. त्यांनी पुष्कळ ऐकून घेतलं. मी दवाखान्यात गेल्यावर ते सुकेळी खात राहिले असणार, याबद्दल मला आजही शंका नाही.

दोन वर्षांनी खाडीवरून आल्यावर ते ओट्यावर बसले आणि फरशीवर लाल पावलं उमटलेली मला दिसली. कालवांच्या शिंपल्यांनी उजवा तळवा टाचेपासून बोटांपर्यंत चिरला होता. ते निवांत चहा पीत होते. मी दाखवलं तेव्हा कुठे त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसं.

जखम धुऊन बांधली आणि मग त्यांना डोळे मिटायला सांगितलं. "मी टाचणी लावीन तेव्हा हो म्हणा."

"हो," ते म्हणाले.

मी अजून टाचणी लावली नव्हती.

"हो," थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. "हो."

मी टाचणी हातातच धरून बसले होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्या हाताकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. "कधीपासून?" मी विचारलं. "डाव्याचं वर्ष झालं. उजवा म्हटलं राहील." मग हलकेच म्हणाले, "तिला सांगू नका."

त्या काळी मी फार स्पष्ट बोलायची. मी सांगितलं, की पायात बूट नसतील तर अशीच एक जखम चिघळेल आणि मग पाय कापावा लागेल. जीप ठेवायची तर पाय जाईल. ते म्हणाले, "बूट घालून चिखल कसा कळायचा?" आणि मी म्हटलं, "आता अनवाणी तरी कुठे कळतोय?" हे मी बोलायला नको होतं. खरं होतं, तरी नको होतं. ते उठून जीपपाशी गेले आणि बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

बूट त्यांनी घातले, कॅनव्हासचे. तळव्याचं काम काठीने होतं का ते पाहायला बांबूवर खुणा केल्या. एका संकष्टीला सकाळच्या ओहोटीला बांबू घेऊन एकटेच खाडीत गेले. बांबूला खोली कळते. शिरा आणि दही यांतला फरक त्याला कळत नाही. अर्ध्या वाटेवर जीप आसापर्यंत बसली. मिठागरातले लोक धावले. "मालक, पानी फिरलं, गाडी सोडा नि बाहेर या," असं ओरडत होते. मालक सोडेनात. शेवटी चौघांनी तिवराच्या बुंध्याला दोर बांधून रहाट फिरवला आणि पाणी सीटला लागता लागता गाडी निघाली. घरी आल्यावर त्यांनी जीप धुतली, तेल लावलं, किल्ली देवघरातल्या खुंटीला अडकवली. करवंट्या एकात एक घालून माळ्यावर ठेवल्या. त्यानंतर आठ-नऊ महिने ती गाडी फक्त बाजारापर्यंत जाई, डांबरावरून. त्यांना डांबरावर गाडी चालवताना बघणं मला जड जाई.

मग तो दिवस आला. मिठागराच्या वस्तीत हगवण-उलट्यांची साथ लागली. मुकादम सकाळी चिखल तुडवत दवाखान्यात आला. "धा-बारा मानसं पडलीत बाई. उठून बसायला येत नाय कोनाला." भांगाचे दिवस, होडी जाणार नव्हती. मांडीभर चिखलातून माणूस खांद्यावर आणायचा तर आणणाराच रुततो. मी धावत घरी आले आणि मालकांपुढे उभी राहिले. त्यांनी ऐकून घेतलं, किल्ली काढली, सलाइनच्या बाटल्या आणि मला घेऊन काठापर्यंत आले. आजाऱ्यांना द्यायला पेजेचं भांडं घेऊन वहिनी आणि मुकादम पायी मागून आले. तिथे मालकांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"माझ्याने नाही व्हायचं," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते, वहिनींकडे बघत होते. "माझे पाय बहिरे झालेत. मला काही कळत नाही आता."

"माहीत आहे मला," वहिनी म्हणाल्या. "वर्ष झालं. कढत पाण्यात पाय घालता नि हूं का चूं करत नाही. मी काय आंधळी आहे?"

त्यांनी पेजेचं भांडं माझ्या हातात दिलं, वहाणा काढल्या, नऊवारीचा काचा वर ओढून घट्ट खोचला आणि चिखलात उतरल्या. मी अडवायला पुढे झाले तर मालकांनी मला थांबवलं. वहिनी गेल्या त्या चाचपडत नव्हत्या. एक पाऊल, टाचेला गिरकी, पुढचं पाऊल. पन्नाशीची बाई, पण चाल एखाद्या पोरीची. त्या दोघांची आपसातली बोली मला निम्मीच कळे, पण वाऱ्यावरून येणारे शब्द ओळखीचे होते. भाकरी. भाकरी. लोणी. डावीकडे दही, दही. इकडून या.

"तुमचे शब्द पाठ झालेत की त्यांना," मी म्हणाले.

मालक दोन्ही दांडे ओढत होते. "माझे कुठले? तिचेच आहेत. लग्नाआधी डोक्यावर पानांची टोपली घेऊन ती याच खाडीतून बाजाराला यायची. मला चिखलात चालायला तिने शिकवलं."

"इतकी वर्षं बोलला नाहीत."

"तुम्ही विचारलं नाही," ते म्हणाले, आणि थ्रॉटल ओढला.

पुढे चिखलातून चालणारी बाई आणि तिच्या मागोमाग, तिच्याच चालीने, सरकणारी ती जीप. तिचं पाऊल डावीकडे वळलं की चाक डावीकडे. ती थांबली नाही, म्हणून गाडी थांबली नाही. आजही डोळे मिटले की मला ते तसंच दिसतं. त्या दिवशी आम्ही तीन खेपा केल्या. तिन्ही खेपांना, जाताना आणि येताना, वहिनी पुढे चालल्या, कारण एकदा चाक गेलं की चिखल पहिला राहत नाही आणि वाट नव्याने पाहावी लागते. अकरा माणसं बाहेर आली. अकराही जगली.

त्यानंतर रोज रात्री वहिनी कंदिलाच्या उजेडात मालकांचे तळवे तपासू लागल्या, आणि अष्टमीला दोघं मिळून खाडीवर जाऊ लागली. पुढे अनेक वर्षांनी मालक गेले तेव्हा दोन्ही पाय शाबूत होते. दहाही बोटं मी मोजली. डॉक्टर म्हणून मला अभिमान वाटावा अशा गोष्टी थोड्याच आहेत, आणि त्यातली ही माझी नाही, वहिनींची आहे.

पण मला राहून राहून आठवतो तो त्या दिवसाचा शेवट. शेवटच्या खेपेचे आजारी बाजारातून बोलावलेल्या टेम्पोतून दवाखान्याकडे गेले. काठावर मिठागरातली वीस-पंचवीस माणसं उभी होती. वहिनी बांधावर बसल्या होत्या, मांडीपर्यंत काळ्या. मालकांनी जीपमधून गोड्या पाण्याचा डबा काढला. मला वाटलं, नेहमीप्रमाणे चाकांकडे जातील. ते जीपला वळसा घालून बांधापाशी गेले, बुटांसकट चिखलात गुडघे टेकून बसले, आणि वहिनींचा पाय हातात घेऊन त्यावर पाणी ओतू लागले. सगळ्यांदेखत. वहिनींनी पाय मागे ओढला. त्यांनी सोडला नाही. बोटांच्या बेचक्या धुतल्या, तळवा उलटा करून उजेडात धरला, कुठे शिंपला लागलाय का ते नीट पाहिलं, मग दुसरा पाय घेतला. जीपच्या चाकांवरचा खारा चिखल वाळत चालला होता.

"पुरे आता," वहिनी म्हणाल्या. "गाडीला ठेवा थोडं."

मालकांनी डबा उपडा केला, आणि उरलेलं सगळं पाणी त्यांच्या पायांवर ओतलं.